पॉवर सप्लायचा नॉइज: कपॅसिटर वाढवण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालणारा बोर्ड. त्यावर बक कन्व्हर्टर (स्विचिंगने व्होल्टेज उतरवणारा) १२ चे ५ करतो आणि १११७ जातीचा लिनिअर रेग्युलेटर ५ चे ३.३ करतो. ३.३ वर मायक्रोकंट्रोलर आणि थर्मिस्टर (तापमान मोजणारा रेझिस्टर). १२ बिटचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) थर्मिस्टर वाचतो, पण रीडिंग १०-१२ काउंटनी नाचतं. स्कोप (ऑसिलोस्कोप) लावला तर ३.३ च्या लाइनवर १८० मिलिव्होल्टचे स्पाइक दिसले. ५ व्होल्टच्या लाइनवर ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक टाकून पाहिला, काडीचा फरक पडला नाही. लॅपटॉप यूएसबीने जोडला की प्रकार वाढतो. आणि जाता जाता एक वाक्य: बोर्डवर छोटा फॅनही आहे, पण तो १२ व्होल्टवर चालतो, त्याचा इथे संबंध नाही.

त्या शेवटच्या वाक्याकडे नंतर येतो. आधी एक साधं गणित करू. ३.३ व्होल्टचे ४०९६ भाग केले तर एक काउंट सुमारे ०.८ मिलिव्होल्टचा होतो. म्हणजे १२ काउंट म्हणजे जेमतेम १० मिलिव्होल्ट. स्कोप मात्र १८० दाखवतोय. हे दोन आकडे एकाच दुखण्याचे वाटत नाहीत. तुम्ही स्कोपवरचा मोठा आकडा पाहून त्याच्या मागे लागलात आणि कपॅसिटर टाकलात. मला वाटतं, रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार झालाय.

१८० मिलिव्होल्ट खरे आहेत का?

प्रोबला ती मगरीच्या तोंडाची क्लिप असलेली ग्राउंडची वायर असते ना, साधारण वीतभर लांब, सगळा घोळ तिथे आहे. प्रोबचं टोक, ती वायर आणि बोर्ड मिळून एक मोठा वेढा तयार होतो. बक कन्व्हर्टर शेजारीच दर सेकंदाला काही लाख वेळा करंट चालू-बंद करत असतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र त्या वेढ्यातून जातं आणि वेढा अँटेना बनतो. लाइनवर काही नसलं तरी स्कोपवर टोकदार काटे उमटतात.

खात्री करायला एक मिनिट लागतं. बोर्ड चालू ठेवा आणि प्रोबचं टोक व ग्राउंडची क्लिप दोन्ही बोर्डवरच्या एकाच ग्राउंड पॉइंटला लावा. दोन्ही टोकं एकाच ठिकाणी म्हटल्यावर पडद्यावर सपाट रेघ यायला हवी. तिथेही १०० मिलिव्होल्टचे काटे दिसत असतील तर ते तुमच्या प्रोबच्या वायरीचे आहेत, सप्लायचे नाहीत. क्लिप तशीच ठेवून वायरीचा वेढा हाताने लहान-मोठा करून पाहा, काटेही लहान-मोठे होतात.

आता नीट मोजायचं. प्रोबवरची हुकाची टोपी ओढून काढा. आत सुईसारखं टोक आणि त्याभोवती धातूची नळी दिसेल, ती नळी म्हणजेच ग्राउंड. प्रोबबरोबर एक बारीक स्प्रिंग मिळते, ती बहुतेकांच्या पाकिटात तशीच पडून असते. ती नळीवर चढवा. स्प्रिंग हरवली असेल तर कपॅसिटरच्या कापलेल्या पायाचा तुकडा घ्या, नळीभोवती दोन-तीन वेढे द्या आणि सेंटिमीटरभर टोक बाहेर ठेवा. मग सुई कपॅसिटरच्या एका टोकाला आणि हे टोक त्याच कपॅसिटरच्या दुसऱ्या टोकाला. दुसरीकडचा सोयीचा ग्राउंड चालणार नाही, त्याच कपॅसिटरचा हवा. हात थरथरतो, दोन्ही टोकं एकदम टेकत नाहीत, सुई घसरून शेजारचं काहीतरी शॉर्ट होण्याची भीती वाटते. सराव होईपर्यंत कपॅसिटरवर दोन बारीक तारा सोल्डर करून घ्या.

स्कोपचं सेटिंग: एसी कपलिंग आणि २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट. ही लिमिट एकदा लावून आणि एकदा काढून, दोन्ही वेळा पाहा. लावल्यावर जे उरतं तो बहुतेक खरा रिपल, म्हणजे डीसीवरची नियमित लहर. काढल्यावर जे वाढतं ते स्पाइक आणि रिंगिंग. दोघांचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे नुसतं पीक-टू-पीक वाचून काही कळत नाही. दहापट (१०एक्स) प्रोब सिग्नल दहाने भागतो आणि स्कोप तो परत दहाने गुणतो, त्यात स्कोपचा स्वतःचा नॉइजही दहापट होतो. काही मिलिव्होल्टचं मोजायचं असेल तर एकपट घ्या. एकपटीला प्रोबची बँडविड्थ ६ ते १० मेगाहर्ट्झपर्यंतच राहते, पण रिपलसाठी तेवढी पुरते.

माझा अंदाज, एवढं केलंत की तुमचे १८० चे १५-२० राहतील. आयुष्यातले कितीतरी दिवस मी स्वतः अशा नसलेल्या नॉइजमागे घालवलेत, म्हणून इतकं रेटून सांगतोय. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालायचा नसेल तर हे आधी करा.

एक इशारा इथेच देतो. ॲडॉप्टर उघडून त्याच्या प्रायमरीवर (मेन्सकडच्या बाजूवर) साधा प्रोब लावायचा विचारही करू नका. स्कोपचं ग्राउंड अर्थिंगला जोडलेलं असतं. प्रायमरीची निगेटिव्ह बाजू अर्थवर नसते, ती मेन्सच्या व्होल्टेजबरोबर वरखाली होत असते. क्लिप लावली की स्फोट. २३० व्होल्टच्या मेन्सवर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. मग स्कोपची सगळी बॉडीच त्या व्होल्टेजवर जाते. डिफरेन्शियल प्रोब नसेल तर तो भाग सोडून द्या, ॲडॉप्टर बदलून पाहणं जास्त सोपं आहे.

फ्रिक्वेन्सी चोराचं नाव सांगते

किती मिलिव्होल्ट यापेक्षा किती वेळाने, हा प्रश्न जास्त कामाचा आहे. स्कोपचा टाइमबेस आधी एका घराला ५ मिलिसेकंद ठेवा, मग हळूहळू कमी करत नॅनोसेकंदांपर्यंत या. प्रत्येक पायरीवर वेगळा प्राणी दिसतो.

१०० हर्ट्झ दिसले (६० हर्ट्झच्या मेन्सवर १२०) तर ते ब्रिज रेक्टिफायरनंतरच्या मोठ्या कपॅसिटरचं काम. ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या सप्लायमध्ये हे हमखास भेटतं. एक अँपिअर लोड आणि २२०० मायक्रोफॅरड असतील तर दोन शिखरांमध्ये साधारण ७-८ मिलिसेकंद कपॅसिटर एकटा लोड ओढतो आणि व्होल्टेज साडेतीन व्होल्टच्या आसपास खाली येतं. एवढ्या दरीत खालचा रेग्युलेटर ड्रॉपआउटमध्ये गेला, म्हणजे आउटपुट टिकवायला इनपुट अपुरं पडलं, की आउटपुटला दर १० मिलिसेकंदांनी खाच पडते. १०० ऐवजी ५० हर्ट्झ दिसले तर ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडलाय का, ते आधी पाहा. ते नसेल तर कुठेतरी ग्राउंड लूप असतो किंवा ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र थेट सर्किटमध्ये शिरत असतं.

काहीशे किलोहर्ट्झ ते एक-दोन मेगाहर्ट्झ म्हणजे बक कन्व्हर्टरची स्विचिंग फ्रिक्वेन्सी. डेटाशीटमधल्या आकड्याशी जुळवून पाहा. प्रत्येक स्विचिंगच्या कडेला १०० मेगाहर्ट्झच्या आसपास घुंगरासारखं थरथरत विझणारं काही दिसलं तर ते रिंगिंग.

आणि मधल्या पट्ट्यात, म्हणजे काही किलोहर्ट्झ ते शंभर किलोहर्ट्झमध्ये, कोणाचंच नाव नसलेलं काही दिसलं की सावध व्हा. इथले आरोपी तीन. पहिला, कमी लोडवर बक कन्व्हर्टर पल्स गाळायला लागतो आणि थांबून थांबून झटके देतो. अशा वेळी कॉइल किंवा सिरॅमिक कपॅसिटर बारीक शिट्टीही वाजवतात. ५ व्होल्टवर २२ ओहमचा २ वॉटचा रेझिस्टर लावून लोड सव्वादोनशे मिलिअँपिअरने वाढवा. प्रकार थांबला तर तोच. दुसरा, दोन कन्व्हर्टर जवळजवळ सारख्या फ्रिक्वेन्सीवर चालत असतील तर त्यांच्या फरकाचा सूर तयार होतो. एक ५०० वर, दुसरा ५१० किलोहर्ट्झवर, तर १० किलोहर्ट्झ. गरम झाल्यावर हा सूर सरकतो, त्यावरून ओळखता येतो. तिसरा आरोपी म्हणजे स्वतःच ऑसिलेट होणारा रेग्युलेटर, आणि तुमच्याकडे १११७ आहे म्हणून त्याच्यावर जरा वेळ घालवतो.

१११७ आणि सिरॅमिक

लिनिअर रेग्युलेटर म्हटलं की लोक निर्धास्त होतात, इथे स्विचिंगच नाही, नॉइज कुठून येणार? पण आत फीडबॅक लूप आहे, आणि १११७ सारख्या जुन्या डिझाइनचा लूप स्थिर राहायला आउटपुट कपॅसिटरचा ईएसआर (त्याच्या आतला सिरीज रेझिस्टन्स) लागतो. एलएम १११७ च्या डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलंय: ०.३ ते २२ ओहम. तेव्हा टँटॅलम वापरायचे, त्यांचा ईएसआर आपोआप या पट्ट्यात बसायचा. सिरॅमिकचा ईएसआर काही मिलिओहम.

माझ्या एका बोर्डवर हेच झालं. पहिल्या खेपेला टँटॅलम होता, सगळं सुरळीत. पुढच्या खेपेला टँटॅलम मिळेना म्हणून त्याच जागी १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक बसवला. कागदावर सिरॅमिक उलट चांगला. बोर्ड आले आणि ३.३ वर साठेक किलोहर्ट्झचा गुळगुळीत साइन वेव्ह. मी काय केलं असेल? आणखी एक सिरॅमिक लावला. वाढलं. आणखी एक. आणखी वाढलं. दिवसभर बक कन्व्हर्टरलाच शिव्या घालत होतो. संध्याकाळी लोड बदलताना लक्षात आलं की लोडबरोबर साइन वेव्हची फ्रिक्वेन्सी सरकतेय. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या स्विचरची फ्रिक्वेन्सी लोडने अशी सरकत नाही, लूपच्या ऑसिलेशनची सरकते. कपॅसिटरचं एक टोक पॅडवरून उचललं, मध्ये १ ओहमचा रेझिस्टर उभा सोल्डर केला, आणि रेघ सपाट झाली.

तेव्हा तुमच्या बोर्डवर १११७ च्या आउटपुटला काय बसवलंय ते पाहा. नुसता सिरॅमिक असेल तर ही पाच मिनिटांची चाचणी करून टाका. नव्या जातीचे बरेच एलडीओ (आत-बाहेरच्या व्होल्टेजमध्ये कमी अंतर लागणारे लिनिअर रेग्युलेटर) सिरॅमिकवर स्थिर राहतात, त्यांना हा नियम लावू नका. ज्याचं त्याचं डेटाशीट उघडा, त्यात स्टेबिलिटी किंवा आउटपुट कपॅसिटर असा परिच्छेद असतोच.

एलडीओबद्दलचा आणखी एक गैरसमज म्हणजे तो मागचा सगळा नॉइज गाळतो. १०० हर्ट्झला गाळतो, ६०-७० डेसिबल म्हणजे हजारो पटींनी. पण फ्रिक्वेन्सी वाढते तशी ही ताकद ओसरते. ५०० किलोहर्ट्झला २०-३० डेसिबल उरले तरी नशीब, आणि १०० मेगाहर्ट्झच्या रिंगिंगला तो जवळजवळ उघडं दार असतो. ड्रॉपआउटजवळ काम करत असेल तर आणखी वाईट. १११७ ला आत-बाहेरच्या व्होल्टेजमध्ये सुमारे १.२ व्होल्टचं अंतर लागतं. ५ वरून ३.३ ला १.७ आहे, म्हणजे काठावर नाही, पण ५ ची लाइन लोडखाली ४.६ पर्यंत बसत असेल तर विचार करा.

बक कन्व्हर्टरकडे

तुमच्या ४७० मायक्रोफॅरडने काही का झालं नाही? आकडे घेऊन पाहू. १२ चे ५, ५०० किलोहर्ट्झ, १० मायक्रोहेन्रीची कॉइल असं धरलं तर कॉइलमधला करंट सुमारे ०.५८ अँपिअरने वर-खाली होतो. आउटपुटला खरोखरचे २२ मायक्रोफॅरड सिरॅमिक असतील तर रिपल ६-७ मिलिव्होल्ट. त्याऐवजी १०० मिलिओहम ईएसआरचा इलेक्ट्रोलायटिक एकटा असेल तर ५८ मिलिव्होल्ट, मग तो ४७० चा असो की १००० चा. या फ्रिक्वेन्सीला इलेक्ट्रोलायटिक म्हणजे एक छोटा रेझिस्टर, मायक्रोफॅरडचा आकडा नुसता नावाला. आणि १०० मेगाहर्ट्झच्या रिंगिंगसमोर तर तो रेझिस्टरही राहत नाही. पाय धरून १५ नॅनोहेन्री इंडक्टन्स धरलं तर तिथे त्याचा विरोध ९ ओहमच्या वर जातो. स्पाइक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

वरच्या वाक्यात मी ‘खरोखरचे’ २२ मायक्रोफॅरड म्हटलं ते मुद्दाम. एक्स५आर, एक्स७आर सिरॅमिकवर डीसी व्होल्टेज लावलं की त्यांची कपॅसिटन्स घटते. ६.३ व्होल्ट रेटिंगचा छोटा १० मायक्रोफॅरड ५ व्होल्टवर निम्मा किंवा त्याहूनही कमी उरू शकतो. एलसीआर मीटरवर तो पूर्ण १० दाखवेल, कारण मीटर डीसी बायस लावत नाही. त्यामुळे मोठ्या आकाराचा, जास्त व्होल्टेजचा भाग घ्या, किंवा दोन लावा.

स्पाइकचा उगम मात्र बहुधा आउटपुटला नसतोच. बकमध्ये झटक्याने चालू-बंद होणारा करंट इनपुट कपॅसिटर, वरचा स्विच आणि खालचा स्विच किंवा डायोड या फेऱ्यातून वाहतो. हा फेरा जितका मोठा तितकं इंडक्टन्स जास्त आणि रिंगिंग जास्त. इनपुटचा सिरॅमिक आयसीपासून दोन सेंटिमीटर दूर असेल तर आउटपुटला काय वाट्टेल ते लावा, रिंगिंग जाणार नाही. आयसीच्या इनपुट आणि ग्राउंड पिनांवर थेट, पायांवरच, एक १०० नॅनोफॅरड आणि शक्य असेल तर १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक सोल्डर करून पाहा. दिसायला घाणेरडं दिसतं, पण आगीचा बंब योग्य गावी जातो. फीडबॅकचा ट्रॅक कॉइलखालून किंवा स्विच नोडला (स्विच आणि कॉइल मिळतात तो बिंदू) चिकटून गेलाय का, तेही पाहून घ्या. गेला असेल तर बोर्ड परत बनवण्याला पर्याय नाही, तो ट्रॅक कापून लांबून वायर ओढून तात्पुरती खात्री करता येते.

रिंगिंग तरीही उरलं तर स्नबर, म्हणजे ते शोषून घेणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी. आकडे अंदाजाने टाकू नका, रीत सोपी आहे. स्विच नोडवरची रिंगिंगची फ्रिक्वेन्सी मोजा. मग स्विच नोड ते ग्राउंड छोटे कपॅसिटर लावत जा, १०० पिकोफॅरडपासून सुरू करून, फ्रिक्वेन्सी निम्मी होईपर्यंत. निम्मी झाली म्हणजे एकूण कपॅसिटन्स चौपट झाली. म्हणजे जो लावला त्याचा तिसरा हिस्सा ही मूळची पॅरासिटिक (न लावता आपोआप असलेली) कपॅसिटन्स. ती आणि मूळ फ्रिक्वेन्सी यांवरून पॅरासिटिक इंडक्टन्स निघतं. इंडक्टन्स भागिले कपॅसिटन्स, त्याचं वर्गमूळ, एवढ्या ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या सिरीजमध्ये पॅरासिटिकच्या तीन-चारपट कपॅसिटर. उदाहरणार्थ, १५० मेगाहर्ट्झचं रिंगिंग ३०० पिकोफॅरडने ७५ वर आलं तर पॅरासिटिक १००, इंडक्टन्स सुमारे ११ नॅनोहेन्री, रेझिस्टर १० ओहमच्या आसपास आणि कपॅसिटर ३३० ते ३९० पिकोफॅरड. स्नबर उष्णता खातो, त्यामुळे रेझिस्टर हाताला किती गरम लागतो ते पाहा.

फेराइट बीडचं (नॉइज अडवायला लाइनमध्ये घालतात तो मणी) एक वाक्यात सांगता येणार नाही, पण थोडक्यात: बीड आणि त्यामागचा सिरॅमिक मिळून स्वतःच एक ट्यून्ड सर्किट बनतं. कमी फ्रिक्वेन्सीला बीड एक मायक्रोहेन्रीच्या कॉइलसारखा वागला आणि मागे १० मायक्रोफॅरड असले तर ५० किलोहर्ट्झच्या आसपास रेझोनन्स येतो, आणि तिथला नॉइज कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. तिथे मात्र तुमचा तो ४७० चा इलेक्ट्रोलायटिक कामाचा आहे, कारण त्याचा ईएसआरच हा रेझोनन्स मारतो. शिवाय बीडमधून त्याच्या रेटिंगच्या निम्मा करंट जरी गेला तरी त्याचा विरोध बराच घसरलेला असतो.

बोर्ड जुना असता तर मी सुरुवात इलेक्ट्रोलायटिकपासून केली असती. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बदलण्याआधी हेअर ड्रायरने कपॅसिटर कोमट करा. नॉइज कमी झाला तर तो वाळलेला आहे, कारण गरम झाल्यावर त्याचा ईएसआर उतरतो.

लॅपटॉपचं काय

यूएसबी जोडल्यावर वाढतं, याचा अर्थ यूएसबीचा ५ व्होल्ट घाण आहे असा नाही. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये आणि तुमच्या ॲडॉप्टरमध्ये प्रायमरी-सेकंडरीच्या मध्ये वाय कपॅसिटर असतो. त्यातून थोडा करंट सतत गळतो, दोन पिनांच्या चार्जरवरच्या धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या त्याच्याच. यूएसबीची केबल जोडली की हा करंट एका सप्लायमधून दुसऱ्यात तुमच्या बोर्डच्या ग्राउंडवरून जायला लागतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. नॉइज पहिल्यासारखा झाला तर हेच कारण, आणि तो बोर्डचा दोष नाही. कायमचा उपाय म्हणजे यूएसबी आयसोलेटर.

हीच चाल ॲडॉप्टरलाही लावा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर बोर्ड चालवा. नॉइज गेला तर ॲडॉप्टर किंवा अर्थिंगचा प्रश्न, राहिला तर बोर्डच्या आतला. मग मायक्रोकंट्रोलर रीसेटमध्ये धरून ठेवा आणि ५ व्होल्टवर तेवढाच लोड रेझिस्टरने द्या. आता सप्लाय शांत असेल तर नॉइज सप्लाय करत नाहीये, लोड करतोय. या दोन चाचण्यांनी अर्धं शेत नांगरून होतं.

आता तो फॅन

थर्मिस्टरला बहुधा त्याच ३.३ वरून पुरवठा आहे, जो एडीसीचा रेफरन्सही (ज्याच्या तुलनेत तो मोजतो ते व्होल्टेज) आहे. तसं असेल तर लाइन सावकाश वर-खाली झाली तरी थर्मिस्टरचं व्होल्टेज आणि रेफरन्स सोबतच हलतात आणि रीडिंग फारसं बदलत नाही. म्हणजे ३.३ वर १० मिलिव्होल्टचा रिपल असला तरी त्यातून १२ काउंट येणं अवघड आहे. ग्राउंडचं तसं नाही. थर्मिस्टरच्या पायाखालची जमीन आणि एडीसीच्या पायाखालची जमीन वेगळी हलली तर तो फरक थेट रीडिंगमध्ये जातो.

फॅन १२ व्होल्टवर चालतो, हे बरोबर. पण करंट जातो तसा परतही येतो, आणि परतीचा रस्ता ग्राउंडचाच आहे. नेहमीच्या ३५ मायक्रॉनच्या तांब्यात एका चौरसाला सुमारे अर्धा मिलिओहम पडतो. १ मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर लांब ट्रॅक म्हणजे १०० चौरस, ५० मिलिओहम. छोटा फॅन २०० मिलिअँपिअर घेतो असं धरा. गुणाकार केला तर १० मिलिव्होल्ट. तुमचे १२ काउंट.

ॲडॉप्टरच्या कनेक्टरपासून निघालेला ग्राउंडचा ट्रॅक आधी फॅन चालू-बंद करणाऱ्या मॉस्फेटकडे जातो की आधी थर्मिस्टरकडे, ते लेआउटमध्ये बघा. दोघांचा रस्ता एकच असेल तर मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. एक टोक थर्मिस्टरच्या ग्राउंड पॅडवर, दुसरं मायक्रोकंट्रोलरच्या एडीसी ग्राउंडच्या पिनवर. फॅन बंद असताना आकडा लिहा, मग पूर्ण वेगात चालवून पुन्हा लिहा. पीडब्ल्यूएमवर (झटपट चालू-बंद करून वेग कमी-जास्त करताना) मीटर सरासरी दाखवतो म्हणून पूर्ण वेग. दोन आकड्यांत आठ-दहा मिलिव्होल्टचा फरक आला तर पुढे शोधायची गरज नाही.

दुरुस्तीसाठी मॉस्फेटचा सोर्स ट्रॅकवरून कापा आणि तिथून जाड वायर थेट ॲडॉप्टरच्या कनेक्टरच्या ग्राउंड पिनवर सोल्डर करा. नुसती वायर समांतर टाकली आणि ट्रॅक तसाच ठेवला तर करंट दोन्हीकडून वाटून जाईल आणि नाच कमी होईल, थांबणार नाही. थर्मिस्टरचं ग्राउंड टोक एडीसीच्या ग्राउंडजवळच आणा, आणि एडीसीच्या पिनवर १०० नॅनोफॅरड ठेवा. बोर्डला हात लावायचाच नसेल तर फर्मवेअरमध्ये पीडब्ल्यूएमच्या बंद भागातच सॅम्पल घ्या, चालतं. पण १६ रीडिंगची सरासरी घेऊन विषय मिटवू नका, निदान ही मल्टिमीटरची चाचणी होईपर्यंत तरी. सरासरीने आकडा स्थिर दिसेल आणि फॅनचा वेग बदलला की तापमान अर्ध्या अंशाने सरकेल, मग थर्मिस्टरच्या कॅलिब्रेशनमध्ये तुमचे दोन आठवडे जातील.